सकाळची तपासणी तिच्याच हातांनी होऊ द्या

प्रश्न : सर, आम्ही बेळगावलगतच्या येळ्ळूरजवळ राहतो. मुलगी यंदा आठवीत गेली असून तिची शाळा बेळगावच्या शहापूर भागात आहे. अंतर सहा-सात किलोमीटर भरते. बायका-मुलींना बस फुकट झाल्यापासून सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, आणि संध्याकाळची गाडी चुकली की अंधार पडता पडता ती घरी पोहोचते. कोल्हापूरच्या मामांनी आपल्या मुलाची सायकल तिला दिली आहे. ती तीन वर्षे वापरलेली आणि नंतर दोन वर्षे खोपीत पडून होती. तिचे वडील उद्यमबागेत फौंड्रीत पहिल्या पाळीला जातात, त्यामुळे ती निघते तेव्हा घरात मोठी अशी मी एकटीच असते आणि मला सायकलीतले काही कळत नाही. माझे दीर म्हणतात की समोरची वाहने दिसावीत म्हणून तिने रस्त्याच्या उजव्या कडेने जावे. हेल्मेट घातले तर मैत्रिणी हसतील, असे ती म्हणते. तिला सायकलीने पाठवावे का, आणि पाठवायचे तर रोज काय बघून सोडावे? धाकटा तिसरीत आहे. त्याला गावातल्या शाळेपर्यंत तिने कॅरिअरवर बसवून न्यावे, असेही मनात आहे. — एक आई

उत्तर : ताई, तिला सायकलीने जरूर पाठवा. मात्र "रोज काय बघून सोडावे" हा जो प्रश्न तुम्ही विचारला आहे, त्याचे माझे उत्तर असे की तुम्ही बघून सोडू नका, तिने बघून निघावे. हे मी तुमच्यावरची जबाबदारी कमी करण्यासाठी म्हणत नाही. सकाळी तुम्ही सायकल पाहिलीत, ती नीट आहे असे ठरवलेत, तरी त्यानंतर ती सायकल दिवसभर शाळेच्या शेडमध्ये चाळीस-पन्नास सायकलींच्या गर्दीत उभी राहणार असते. एक सायकल कलंडली की तिच्यासोबत दहा पडतात, कुणाचे हँडल तुमच्या मुलीच्या चाकात अडकते, ते ओढून काढताना ब्रेकची वायर निसटते, आणि हे कुणी कुणाला सांगत नाही. मराठी शाळेत कवायतीचा शिक्षक म्हणून काम करत असताना मी पाहिलेले सायकलीचे बहुतेक अपघात शाळा सुटल्यानंतरचे होते, सकाळचे नव्हते. त्या वेळी तिच्याजवळ तुम्ही नसता, तिचे वडील नसतात, मिस्त्री नसतो. असतात ते फक्त तिचे स्वतःचे हात, आणि त्या हातांना ब्रेकचा ताण आणि टायरमधली हवा ओळखता आली पाहिजे. तुम्हाला सायकलीतले काही कळत नाही असे तुम्ही लिहिले आहे. हरकत नाही, तिच्याबरोबरच शिकून घ्या.

आधी सायकलीविषयी. दोन वर्षे खोपीत पडलेल्या सायकलीत हवा भरून आणि चेनला तेल सोडून ती रस्त्यावर काढू नये. दुकानात नेल्यावर "सगळे बघून द्या" असेही सांगू नका, कारण सगळे बघणे म्हणजे काय हे ज्याच्या त्याच्या मनावर असते. नेमके सांगा की दोन्ही ब्रेकच्या वायरी बाहेरच्या नळीसकट बदलायच्या आहेत, चारही ब्रेक-रबरे नवी घालायची आहेत, आणि चाकांचे, पेडलच्या आसाचे व हँडलचे छर्रे काढून, धुऊन, नवे ग्रीस घालून बसवायचे आहेत. दुकानदार ज्याला ऑइलिंग म्हणतात ते हेच काम, आणि ते होताना शक्य असल्यास मुलीला शेजारी उभे करा. वायर बाहेरून चकचकीत दिसते, पण आमच्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात नळीच्या आत गंज धरून बसते. दांडा दाबला की ब्रेक लागतो आणि सोडला तरी सुटत नाही, किंवा एखाद्या दिवशी जोरात दाबल्यावर वायर टोकाशी तुटून हातात येते.

टायर मात्र तुम्ही स्वतः पाहा. हवा कमी करून टायरची बाजू दोन अंगठ्यांनी दाबा आणि वाकवा. उन्हाळ्यात भाताच्या खाचराला भेगा पडतात तशा बारीक भेगा तेथे दिसल्या, तर वरची नक्षी कितीही नवी दिसत असली तरी ते टायर टाकून द्या, कारण पडून राहिलेले रबर आतून कुजते आणि भरल्या हवेला बाजूने फुटते. ट्यूबला जुन्या पद्धतीचा वाल असेल तर त्यातली बारीक रबरी नळी बदलून घ्या. ती अगदी किरकोळ किमतीची असते आणि "रोज हवा का उतरते" या कोड्याचे उत्तर निम्म्या वेळा तीच असते. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत छापलेले असते. अंगठ्याने दाबून "घट्ट आहे" असे म्हणण्याची आपली पद्धत फारशी भरवशाची नाही, तरी रोजच्या सवयीसाठी ती चालेल, आणि दर आठवड्याला पंपाने हवा भरून घेतलीच पाहिजे. कमी हवेची सायकल जड चालते एवढेच नव्हे, तर खड्ड्यात आदळली की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेमटते आणि दोन भोके शेजारी शेजारी पडतात.

आता ब्रेक, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

मी नववीत असताना आम्ही चार मित्र रविवारी सायकली घेऊन राजहंसगडावर गेलो होतो. आदल्याच दिवशी मी एका दुकानात ब्रेकची नवी रबरे बसवून घेतली होती आणि त्याचा मला अभिमानही होता. गडावरून उतरताना पहिल्याच वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला, तर काहीतरी टणकन उडून गेले आणि हाताला पोकळ लागले. रबर आपल्या पत्र्याच्या कोंदणातून पुढच्या बाजूने निसटून गेले होते, कारण मिस्त्रीने ते कोंदण उलटे बसवले होते. त्या कोंदणाचे एक तोंड बंद असते आणि दुसरे उघडे असते. बंद तोंड पुढे, म्हणजे रिम ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवे, म्हणजे घासताना रबर त्या बंद तोंडावर रेटले जाते आणि जागेवर राहते. उघडे तोंड पुढे आले तर रिमच रबराला ओढून बाहेर काढते. मी कडेच्या गवतात पडलो, कोपर सोलले आणि चपला हरवल्या, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून कोणतीही सायकल हातात आली की माझी नजर आधी त्या कोंदणाकडे जाते. सगळी रबरे अशा कोंदणाची नसतात, अनेक अखंड असतात. पण तुमच्या सायकलीला कोंदणाची असतील तर मुलीला ते बंद तोंड बोटाने दाखवून ठेवा.

रोजची ब्रेकची तपासणी तिने अशी करावी. सायकलीशेजारी उभे राहून पुढचा ब्रेक घट्ट दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी. पुढचे चाक जागेवर अडून मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून ढकलावी. मागचे चाक फिरता कामा नये, फरफटत यावे. दांडा पूर्ण दाबल्यावरही त्याच्यात आणि मुठीत दोन बोटे मावतील इतके अंतर राहिले पाहिजे, आणि ते राहत नसेल तर वायर ताणण्याची वेळ झाली आहे. रबर रिमच्या धातूवरच टेकते आहे ना, हे वाकून पाहावे: वर सरकलेले रबर टायर कापते आणि खाली घसरलेले रबर आऱ्यांमध्ये जाऊन चाक जागच्या जागी अडवते. उजवा दांडा कोणत्या चाकाचा आणि डावा कोणत्या, हे तिने आपल्या सायकलीवर फिरवून पाहिलेले असावे. आपल्याकडे बहुधा उजवा पुढच्याचा असतो, परंतु वायरी बदलताना अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. सायकल मामेभावाची होती, तेव्हा दांडा तिच्या बोटांच्या पेरांपर्यंत सहज येतो का हेही बघा. अनेक दांड्यांना तो मुठीजवळ आणण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो.

"पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील" असे आपण मुलांना पिढ्यान् पिढ्या सांगत आलो आहोत, आणि त्यामुळे मुले फक्त मागचा ब्रेक वापरतात. हे सांगणे मला अर्धवट वाटते. सायकल थांबू लागली की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि हलके चाक लवकर घसरते. म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकदम, आधी हलके आणि मग वाढवत दाबावेत, त्याच वेळी अंग थोडे मागे रेलावे आणि हात ताठ ठेवावेत. अचानक आवळणे वाईट, आणि वळणावर किंवा खडीवर तर फारच वाईट. पण हे सांगून येत नाही. शाळेच्या नाहीतर गावच्या मैदानात चुन्याची एक रेघ ओढा आणि तिला रेघेवर थांबायला लावा, दप्तर पाठीवर असताना वीस वेळा आणि पाऊस पडून गेल्यावर पुन्हा वीस वेळा.

पावसाचे वेगळे सांगतो, कारण तुमचे पत्र ऐन पावसाळ्यात आले आहे. साधारण वेगाने, म्हणजे ताशी 15 किलोमीटरने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटर पुढे जाते. समोर काही आडवे आले हे कळून बोटे दांड्यावर आवळेपर्यंत तो एक सेकंद सहज जातो. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने त्यानंतर आणखी तीनेक मीटरमध्ये ती उभी राहते. रिम ओली असली तर मात्र पहिले एक-दोन फेरे रबर नुसते पाणी पुसत असते. 26 इंची चाकाचा एक फेरा दोन मीटरचा धरला, तर ब्रेक धरू लागण्यापूर्वीच दोन ते चार मीटर हातचे गेलेले असतात, आणि त्यानंतरही तो कोरड्यासारखा धरत नाही. म्हणून पावसात उतार किंवा चौक येण्याआधीच ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घेण्याची सवय तिने लावून घ्यावी. चकचकीत मुलामा दिलेल्या लोखंडी रिमला हे ॲल्युमिनियमच्या रिमपेक्षा कितीतरी जास्त लागू आहे.

बाकीचे पटकन होते. पुढचे चाक दोन गुडघ्यांमध्ये धरून हँडल फिरवून पाहावे, हलता कामा नये. सीट हाताने पिळून पाहावी. ती इतक्याच उंचीवर असावी की बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील. आम्ही सायकलीच्या मधल्या आडव्या दांड्याखालून पाय घालून शिकलो ते सायकल मोठी होती आणि दुसरी नव्हती म्हणून, त्यात कौतुक करण्यासारखे काही नव्हते. सीटच्या आणि हँडलच्या दांडीवर आडव्या खुणा असतात, त्या बाहेर दिसू लागतील इतकी दांडी वर काढू नये. प्रत्येक चाक उचलून फिरवावे आणि डुलते का, कुठे घासते का, ते ऐकावे. चेन मध्यभागी बोटाने दाबली तर एक-दीड सेंटीमीटर खाली जावी. फार सैल झाली तर उतरते आणि नेमकी चढावर, उभे राहून जोर लावताना उतरते. घंटी वाजवावी. हे सगळे पुढच्या चाकापासून मागे जात एकाच क्रमाने करायला लावा. क्रम हाताला बसला की शेगडीवरचे दूध उतू जायला लागतो त्याहून कमी वेळात ते आटोपते, आणि शाळा सुटल्यावरही तोच क्रम पुन्हा.

कपड्यांचे एक सांगायचे राहिले. गणवेशात ओढणी असेल तर ती दोन्ही टोकांनी पिन करून किंवा कमरेला गाठ मारून घ्यावी, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी. सलवारीचा उजवा पाय चेनमध्ये जातो, म्हणून चेनकव्हर नसल्यास ते बसवा आणि तोपर्यंत घोट्याजवळ रबर लावा. दप्तर कॅरिअरवर पट्ट्याने आवळावे अथवा दोन्ही खांद्यांवर घ्यावे. डब्याची पिशवी हँडलला लटकवायची नाही, यावर मी हटून बसेन, कारण ती झोके घेत घेत कधी आऱ्यांमध्ये शिरेल ते सांगता येत नाही, आणि पुढचे चाक अडले की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. एका हाताने छत्री धरून चालवणेही बंद, कारण तेव्हा एकच ब्रेक हाताशी उरतो. रोप लावताना अंगावर घेतो ती प्लास्टिकची खोळ सायकलीवर नको, वाऱ्याने फडफडून चाकात जाते. अंगाबरोबर बसणारा पिवळा किंवा तशाच उठून दिसणाऱ्या रंगाचा रेनकोट घ्या आणि त्याची टोपी मान वळवल्यावर डोळ्यांवर येत नाही हे घरीच पाहून ठेवा.

आता तुमच्या दिरांच्या म्हणण्याविषयी. समोरचे वाहन दिसावे म्हणून उजव्या कडेने जावे, हे पायी चालणाऱ्यासाठी अगदी योग्य आहे आणि बहुधा त्यांनी ते तेथूनच घेतले असावे. सायकल हे वाहन आहे, तिने डाव्या बाजूनेच जायचे असते. यामागे नुसता नियम नाही, साधे गणितही आहे. गाडी ताशी 40 किलोमीटरने आणि मुलगी 15 ने एकाच दिशेने जात असतील, तर गाडी तिच्याजवळ 25 च्या वेगाने येते आणि चालवणाऱ्याला वेग कमी करून मागे राहायला सवड मिळते. दोघे समोरासमोर असतील तर हाच वेग 55 होतो आणि बाजूला व्हायला दोघांनाही वेळ उरत नाही. शिवाय शेतवाटेने किंवा गल्लीतून रस्त्यावर डावीकडे वळणारा दुचाकीस्वार उजवीकडून काय येते तेवढेच पाहतो. डावीकडून, उलट्या बाजूने येणारी सायकल त्याच्या हिशेबात नसते. दिरांना हे सांगताना माझे नाव सांगितलेत तरी चालेल.

डावी बाजू म्हणजे डांबराची अगदी शेवटची कड मात्र नव्हे. आपल्या भागातल्या रस्त्यांना कडेला वीतभर खाली उतरणारी साइडपट्टी असते, पावसाने ती खचते, आणि कडेला चिकटून चालवणारे मूल मागून हॉर्न वाजला की दचकून खाली जाते. तेथून चालत्या सायकलीने तिरके वर चढायला जाणे हा पडण्याचा हमखास मार्ग आहे, कारण टायर कडेला घासत राहते आणि वर येत नाही. खाली गेलीच तर तिथेच थांबावे, उतरावे आणि सायकल उचलून वर ठेवावी. एरवी कडेपासून साधारण पाऊण-एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावी; वडगावात शिरल्यावर उभ्या गाड्यांपासूनही तेवढेच अंतर ठेवावे, कारण त्यांची दारे न सांगता उघडतात. उजवीकडे वळायचे असेल तेव्हा सुरुवातीचे काही महिने तिने वळूच नये: डाव्या बाजूला उतरावे, दोन्हीकडे पाहावे आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. मान मागे वळवून पाहताना सायकल सरळ ठेवणे हे एक कसब आहे, तेही चुन्याच्या त्या रेघेवरच शिकता येते. ते जमल्यावर मग उजवा हात बाहेर काढून वळायला शिकवा.

तुमच्या रस्त्यावर वर्षभर एकच धोका नसतो, ऋतूप्रमाणे तो बदलत जातो. चिखलणी आणि रोप लावणीच्या दिवसांत शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेला चिखल रस्त्यावर सांडत जातात, आणि त्यावर पावसाची एक सर आली की तो साबणासारखा होतो. तेथे ब्रेक मारू नये आणि वळूही नये, वेग आधीच कमी करून सरळ पार व्हावे. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून त्यात चाक घालू नये. मागे पाहून वळसा घालता आला तर घालावा, नाहीतर उतरावे. सुगीच्या वेळी मळणी व्हावी म्हणून रस्त्यावर पिंजर, म्हणजे भाताच्या काड्या, पसरलेले असते. सायकलीला ते दुहेरी वाईट आहे, एक तर चाक घसरते आणि दुसरे म्हणजे काड्या आसाभोवती आणि चेनमध्ये गुंडाळल्या जातात. थंडीत सकाळी भाताच्या पट्ट्यात धुके असते आणि संध्याकाळी सहा-सव्वासहालाच दिवस मावळतो. म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, नुसत्या रिफ्लेक्टरवर भागवू नका, कारण समोरच्या वाहनाचा उजेड पडेल तेव्हाच ते चमकतात. आमच्या तांबड्या मातीत तर ते चार दिवसांत माखून जातात, म्हणून रोजच्या तपासणीत फडक्याने पुसून घेण्याचेही घाला.

आणि गळीत हंगाम सुरू झाला की ऊस. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूने पुढे जायचे नाही, तो उभा असला तरी नाही. तो डावीकडे वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाही, आत कापत येते, आणि ट्रॅक्टरच्या आवाजात चालवणाऱ्याला मागचे काही ऐकू येत नाही. ट्रॉलीतून ऊस ओढून काढण्याची आणि ट्रॉलीला हात धरून फुकट ओढून घेण्याची खोड मुलांना असते. "मुलगी आहे, ती असे करणार नाही" असे समजू नका. आमच्या शाळेत या कामात मुली मागे नव्हत्या. एक धक्का बसला की हात सुटतो आणि मूल मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडेच पडते, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. शिकवणीसाठी पुढे टिळकवाडीकडे जाणार असेल तर रेल्वे गेटवर रूळ काटकोनात ओलांडायचे. तिरके गेल्यास चाक रुळाशेजारच्या फटीत बसते, आणि रूळ ओले असतील तर नुसत्या स्पर्शाने घसरते. गर्दी असेल तेव्हा उतरून चालत जाणे उत्तम.

कानात हेडफोन घालून सायकल चालवणे चालणार नाही, हे तुम्ही तिला एव्हाना सांगितलेच असेल.

हेल्मेटची कायद्याने सायकलस्वारावर सक्ती नाही. तरीही ते घ्यावे असे माझे मत आहे, कारण हाड मोडले तर जुळते, डोक्याचे तसे नसते. वडिलांचे दुचाकीचे हेल्मेट मात्र तिला देऊ नका. ते जड असते, कान झाकते आणि मुलीच्या डोक्यावर फिरते. सायकलीचे हलके हेल्मेट डोक्यावर आडवे, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे, दोन्ही पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटेच जातील इतका पट्टा आवळलेला असावा. मागे सरकवलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलायचे. मैत्रिणी हसतील ही तिची अडचण खरी आहे, तिला नावे ठेवू नका. मी शाळेत असताना एकेकट्या मुलाला सांगून काही झाले नाही. एका गावाहून येणाऱ्या तिघी-चौघींच्या आयांनी एकाच आठवड्यात हेल्मेट घेतली, तेव्हा हसायला कुणी उरलेच नाही. तुमच्या गल्लीतून शहापूरला जाणाऱ्या आणखी मुली असतीलच. त्या एकत्र निघाल्या तर बरेच, फक्त त्यांनी गप्पा मारत शेजारी शेजारी न जाता एकामागे एक, मध्ये दोन सायकलींचे अंतर ठेवून जावे.

एका रविवारी तिच्या वडिलांना बरोबर पाठवून पूर्ण रस्ता जाऊन-येऊन घ्या, आणि नंतर एखाद्या कामाच्या दिवशी, नेमक्या शाळेच्या वेळेला, तोच रस्ता पुन्हा. रविवारचा रस्ता आणि सोमवारचा सकाळी साडेआठचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. त्या फेरीत तिने स्वतः पाच जागा निवडाव्यात जिथे ती न चुकता उतरेल किंवा थांबेल. कडेच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि शाळेत ती कन्नड शिकतेच, म्हणून "निधानवागि चलिसि" म्हणजे सावकाश चला, "तिरुवु" म्हणजे वळण, "रस्ते उब्बु" म्हणजे गतिरोधक, हे तिच्याकडूनच तुम्ही वाचून घ्या. दप्तराच्या आत एक कागद चिकटवा, त्यावर तिचे नाव, रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर मराठीत आणि कन्नडमध्येही लिहा, कारण मदतीला धावणारा माणूस यांपैकी कोणतीही एकच भाषा वाचणारा असू शकतो. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कोणत्याही तातडीसाठी 112 हे नंबर तिला पाठ असू द्या. पडल्यावर डोके दुखून उलटी झाली किंवा मूल विनाकारण पेंगू लागले, तर "झोपली की बरे वाटेल" असे म्हणत न बसता दवाखाना गाठायचा.

राहता राहिला धाकटा. त्याला कॅरिअरवर बसवून नेण्यास माझी सध्या तरी संमती नाही, आणि त्याचे कारण अंतर जास्त आहे हे नाही. तिसरीतल्या मुलाचे पाय कॅरिअरवरून नेमके मागच्या चाकाच्या आऱ्यांपाशी लोंबकळतात. वळणावर किंवा खड्ड्यात तो पाय आवळून घेतो आणि टाच चाकात जाते. टाचेमागची कातडी सोलून निघते, कधी हाडापर्यंत जाते, आणि जखम भरायला आठवडे लागतात. अशी मुले मी स्वतः उचलून नेलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक थोरल्या बहिणीच्या किंवा भावाच्याच मागे बसलेली होती. त्यातून मागे वजन बसल्यावर सायकल उशिरा थांबते आणि सुरुवातीला डुलते, आणि तुमच्या मुलीचा हात अजून बसायचा आहे. ती निदान वर्षभर एकटी सफाईने चालवू लागली, चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसली, मागच्या आसाला पाय ठेवायच्या पक्क्या खुंट्या लागल्या आणि धाकट्याचे पाय त्या खुंट्यांपर्यंत पोहोचू लागले, की मग गावातल्या सपाट रस्त्यापुरता हा विचार पुन्हा करा. तोपर्यंत तो पायी जाऊ दे, आणि पायी जाताना मात्र दिरांनी सांगितले तसे रस्त्याच्या उजव्या कडेने.